बिनपंपाचं पाणी

१ जानेवारी

डायरी पाइपवाल्या कंपनीकडून आली. रेक्झिनची आहे. मोठ्या साहेबांना लेदरची दिली, पण त्याबद्दल मला काही म्हणायचं नाही. माणसाने मनाला लावून घेऊ नये.

संकल्प: रोज लिहायचं. चहात साखर बंद. कमी बोलायचं. कोणावरही आंधळा विश्वास ठेवायचा नाही. आजवर ठेवला आणि प्रत्येकाने केसाने गळा कापला.

बाकी हे वर्ष माझंच आहे. प्रादेशिक पाणीपुरवठ्याची स्कीम मंजूर झाली, नियोजनप्रमुख मी. धरण डोंगरात, टाकी टेकडीवर, वस्ती खाली. पाणी उताराने आपल्या पायांनी चालत घरोघरी जाणार. सबंध योजनेत एकही पंप नाही. विजेचं बिल नाही, मोटर जळणं नाही, ऑपरेटरची रजा नाही. मीटिंगमध्ये मी म्हणालो, उतार पगार मागत नाही. मोठे साहेब हसले. तेच वाक्य त्यांनी संध्याकाळी दुसऱ्या मीटिंगमध्ये स्वतःचं म्हणून वापरलं, असं कानावर आलं.

घरी कदर नाही. आमचं घर गावाच्या वरच्या टोकाला, चढावर. हवा छान, नजारा छान, नळ कोरडा. बायको (ह्यापुढे नुसतं ‘ही’) म्हणाली, अजून एक वर्ष बघते. डिसेंबरअखेर नळाला पाणी आलं नाही तर मी खाली ताईच्या बिल्डिंगमध्ये राहायला जाते, तुम्हाला यायचं तर या. ताई म्हणजे हिची बहीण आणि बिल्डिंग ताईच्या नवऱ्याची, म्हणजे माझ्या साडूची. तिथे एक फ्लॅट रिकामाच आहे. मी म्हणालो, डिसेंबर कशाला, नोव्हेंबर धर. हे घर मी हौसेने बांधलंय. साडूचा भाडेकरू होण्यापेक्षा तहानेने मेलेलं बरं.

साडू मला पाण्यात पाहतो. त्याच्याकडे पाणी आहे, त्याला परवडतं.

२ जानेवारी

साखर पुन्हा सुरू. नियोजनाच्या काळात मेंदूला लागते.

९ जानेवारी

हाताखाली एक ज्युनिअर इंजिनिअर दिली आहे. मुलगी हुशार आहे, पण प्रश्न विचारते. आज विचारलं, सर, गावातल्या उंच्या कुठल्या शून्यापासून मोजल्यात? टेकडीची उंची सरकारी खुणेवरून, समुद्रसपाटीपासून आहे. गावाच्या नकाशावर मात्र नुसतेच आकडे आहेत.

तिला इतिहास माहीत नाही. गावाचा सर्व्हे मी स्वतः केलाय, नोकरीला लागलो त्या साली. उंची कुठूनतरी मोजायला सुरुवात करावी लागते. मी आपल्या ऑफिसची पुढची पायरी शंभर मीटर धरली. का, तर शंभर हा स्वच्छ आकडा, बेरजेला सोपा. पायरीपासून आमचं घर अठरा मीटर वर, म्हणजे एकशे अठरा. टेकडी एकशे एकतीस. वजाबाकी केली की तेरा मीटरचा उतार. शाळेतल्या पोराला जमेल.

तिने विचारलं, पण सर, पायरी खरंच शंभरावर आहे का? मी म्हणालो, पायरी आहे तिथेच आहे, इतक्या वर्षांत हललेली नाही. ती गप्प झाली. म्हणजे पटलं.

२३ जानेवारी

साइट व्हिजिट. टाकीसाठी दोन टेकड्या. पलीकडची उंच, बोडकी, रस्ता नाही, चढताना धाप लागते. अलीकडची बेताची. झाडं आहेत, जीप वरपर्यंत जाते आणि मुख्य म्हणजे आमच्या गॅलरीतून अगदी समोर दिसते. रिटायर झाल्यावर माणसाने सकाळी चहा घेताना आपली टाकी डोळ्यांनी पाहावी, यात गैर काय?

ज्युनिअरचं मत पलीकडची. तिचे गुडघे तरुण आहेत. मी अलीकडची नक्की केली. फाइलमध्ये कारण लिहिलं: तांत्रिक सोय.

संकल्प: उद्यापासून रोज सकाळी टेकडी चढायची.

२४ जानेवारी

जीप सर्व्हिसिंगला गेली. टेकडी राहिली.

१२ फेब्रुवारी

ड्रॉइंगचा गठ्ठा सहीला आला. एका कागदावर थांबलो. आमच्या घराला लागूनच एक खोली दाखवलीय, वर लिहिलंय ‘कंट्रोल रूम’. ज्युनिअर म्हणाली, असू दे सर, पुढेमागे लागली तर. मला शब्द आवडला. कंट्रोल रूम म्हटलं की योजनेला वजन येतं. सही केली. बाकीच्या कागदांवर न वाचताच केली. सहीच्या आधी वाचत बसणं म्हणजे हाताखालच्या माणसांवर अविश्वास दाखवणं. मी त्यातला नाही.

ती खोली नेमकी कोणाच्या जागेत, हे विचारायचं राहिलं. जेवायची वेळ झाली होती.

११ मार्च

चष्मा विसरला म्हणून दुपारी घरी आलो. बघतो तर ज्युनिअर आमच्या अंगणात! टेपचं एक टोक तिच्या हातात, दुसरं हिच्या. मी आलो आणि दोघींचं हसणं थांबलं. काय चाललंय म्हणून विचारलं. ही म्हणाली, कोपऱ्यात भाजीचा वाफा करायचाय, ही पोर बिचारी मोजायला मदत करतेय. ऑफिसच्या वेळेत! इंजिनिअर वाफे मोजायला लागल्यावर योजना कोण मोजणार?

मला चहाचं कोणी विचारलं नाही. स्वतः केला. साखर सापडली नाही, तीही ह्या दोघींनी हलवली असणार.

२ जुलै

मधले महिने लिहिलं नाही. डायरी कपाटामागे पडली होती. कपाट माझ्या लग्नातलं आहे, त्याच्याकडून ही अपेक्षा नव्हती.

टाकीचं काम जोरात. हिच्या वाफ्याच्या जागी विटा येऊन पडल्यात. विचारलं तर म्हणाली, वाफ्याला कठडा. एवढ्या विटांत कोबीचा किल्ला होईल. बायकांच्या हौसेत मी पडत नाही.

१६ ऑगस्ट

टाकी उभी राहिली. संध्याकाळी हिला मुद्दाम गॅलरीत नेलं. बराच वेळ बघत राहिली. मग म्हणाली, अहो, टाकीचं झाकण दिसतंय की इथून. सगळं, गोल, परातीसारखं. मी म्हणालो, दिसणारच, त्यासाठीच तर ती टेकडी घेतली. ती म्हणाली, तसं नव्हे, आपण तिच्याकडे वरून बघतोय. मी म्हणालो, मग, आपली गॅलरी वरच्या मजल्यावर आहे.

ही झटकन आत गेली. तिला भरून आलं असणार. आत जाऊन लगेच कोणालातरी फोनही केला. ताईला सांगितलं असेल. कळू दे साडूलाही.

३ सप्टेंबर

पेंटर आला. योजनेचं नाव टाकीच्या पोटावर लिहायचं ठरलं होतं, पण तिथली अक्षरं रस्त्याकडे तोंड करून. आमच्या घरातून पहिली दोनच दिसणार. आयुष्य घातलं मी ह्या योजनेत आणि वाचायचं मात्र रस्त्यावरच्यांनी! विचार केला आणि नाव झाकणावर लिहायला सांगितलं. पांढऱ्या रंगात, पुरुषभर उंचीची अक्षरं. बिनपंपाची जलयोजना. त्याखाली माझं नाव.

पेंटर म्हणाला, साहेब, झाकणावरचं वाचणार कोण, कावळे? मी उत्तर दिलं नाही. कमी बोलायचा संकल्प आहे.

गॅलरीतून चष्म्याशिवाय वाचता येतं. आडनावासकट.

२१ सप्टेंबर

साडू आणि ताई आले होते. साडूला गॅलरीत नेऊन झाकण दाखवलं. त्याने वाचलं. पुन्हा वाचलं. मग इतका हसला की चहा नाकातून आला. शर्ट खराब झाला. मला समाधान वाटलं, कारण मत्सर असाच बाहेर पडतो.

जाताना हिला विचारत होता, फ्लॅटला रंग कुठला काढू, पिवळा की निळा? ही म्हणाली, थांबा जरा, माझी वेगळी सोय चाललीय. कसली सोय ते सांगितलं नाही. रात्रभर माझ्या डोक्यात तेच. नवऱ्याला सोडून वेगळी सोय! मी हिच्या नळासाठी डोंगर कोरतोय आणि ही सोय बघतेय.

१० ऑक्टोबर

कोनशिला तयार. मजकूर मीच रचला: ‘पंपाविना, विजेविना, केवळ दूरदृष्टीने.’ खाली नाव. गवंडी म्हणाला, दगड चांगला जाड आहे, काहीही करता येईल ह्याचं. लोकांना कलेची जाण आहे.

ज्युनिअरने मजकूर वाचला आणि म्हणाली, सर, ‘पंपाविना’ एवढा शब्द तूर्त मोकळा ठेवू या का? तीन दिवस तिच्याशी बोललो नाही. ज्या मुलीला मी बोट धरून शिकवलं (शिकवणार होतो, वेळ झाला नाही), तिने माझ्या शब्दावर बोट ठेवावं?

कंट्रोल रूम बांधून झाली. आमच्या अंगणात! वाफ्याच्या जागी! हिला विचारलं तर म्हणाली, कोबी नाही येत हो त्या मातीत, म्हणून देऊन टाकली जागा. प्लॉट हिच्या वडिलांनी हिच्या नावावर केलेला, तेव्हा सहीही हिचीच. मला न विचारता. मी फक्त ड्रॉइंगवर सही करणारा, मला कोण विचारतो?

३० नोव्हेंबर

नोव्हेंबर संपला. पाणी अजून नाही. हिने आठवण करून दिली. मी नोव्हेंबर म्हणालो होतो तो बोलण्यातला नोव्हेंबर होता. कॅलेंडरमधला डिसेंबर अजून हातात आहे.

१८ डिसेंबर, सकाळी

आज उद्घाटन. पहिला नळ आमच्या दारातला, हे मी मोठ्या साहेबांच्या गळी उतरवलं. सर्वांत उंच घरी पाणी आलं की बाकीच्यांचं तोंड बंद. खांबाला रिबन, अंगणात खुर्च्या. आंघोळीला आज तीन बादल्या गरम पाणी. हिला म्हणालो, दुपारनंतर अशी चंगळ रोज. ती म्हणाली, हो हो, लवकर आवरा.

नवा कोट घातला. हिने कॉलर नीट केली. प्रेम आहे, दाखवत नाही.

१८ डिसेंबर, संध्याकाळी

लिहवत नाही. तरी लिहितो.

मोठ्या साहेबांनी रिबन कापली, नळ फिरवला. नळ म्हणाला फुस्स. मग काही नाही. सगळे नळाकडे बघतायत, नळ माझ्याकडे. मी म्हणालो, हवा आहे सर, आधी हवा येते. थांबलो. साहेबांनी नळ उलटा फिरवला, सुलटा फिरवला. हवासुद्धा संपली.

तेवढ्यात ताईचा फोन. खाली त्यांच्या लॉनवरच्या नळाचं तोंड उडालंय, कारंजं पहिल्या मजल्यापर्यंत जातंय, काय करू? म्हणजे पाणी आलं होतं. साडूकडे! माझं पाणी, मी आणलेलं, मला ओलांडून साडूकडे गेलं.

साहेबांना म्हटलं, वर चला, टाकी भरलेली आहे, डोळ्यांनी बघा. गॅलरीत नेलं. साहेबांनी टेकडीकडे बघितलं आणि मोठ्याने वाचलं, बिनपंपाची जलयोजना. मग माझं नाव वाचलं. मग अगदी हळू विचारलं, हे झाकणावर लिहिलंय ना? मी म्हणालो, हो सर. त्यांनी विचारलं, मग ते इथून वाचता कसं येतं?

मी म्हणालो, मुद्दाम तशी सोय केली सर.

साहेबांनी पुन्हा एकदा वाचलं. मागे पाहुणे उभे होते, तेही पुढे येऊन वाचायला लागले. मला वाटलं, अक्षर आवडलं. जिना उतरताना तिसऱ्या पायरीवर माझ्या डोक्यात काहीतरी सरकलं आणि तोंडचं पाणी पळालं. आज तेवढंच पाणी हललं ह्या घरात.

खाली ज्युनिअरने कंट्रोल रूमचं कुलूप काढलं. आत पाइप जोडलेले, विजेचा बोर्ड, जमिनीवर काँक्रीटचा चौथरा. साहेबांना म्हणाली, पंपाची मागणी सहा महिन्यांपूर्वीच गेली आहे सर, स्टोअरला येऊन पडलाय, आठवडाभरात बसेल. साहेबांनी विचारलं, हे कोणी सुचवलं? ती म्हणाली, ड्रॉइंगवर सरांचीच सही आहे. साहेबांनी माझा हात हातात घेऊन दाबला.

माझ्याच सहीने माझा घात केला. पंपाचं गुपित पोटात ठेवून बसली होती ही मुलगी, माझ्याच अंगणात!

मागच्या दारी गेलो तर पिंपं काठोकाठ. टँकर सकाळीच येऊन गेला होता. हिने सांगितलेला. कालच. म्हणजे मी तीन बादल्यांत न्हालो ते टँकरच्या पाण्यात. उद्घाटनाच्या दिवशी माझ्या घरात टँकर!

१९ डिसेंबर

अंथरुणात. ताप नाही, पण असू शकला असता.

२२ डिसेंबर

ज्युनिअरने पुन्हा सर्व्हे केला, ह्या वेळी समुद्रसपाटीपासून. ऑफिसची पायरी शंभरावर नाही. एकशे बावीसवर आहे. म्हणजे आमचं घर एकशे चाळीस, आणि टाकी एकशे एकतीस. टाकी आमच्या घराच्या नऊ मीटर खाली.

रोज त्या पायरीवर पाय देऊन मी आत गेलो. पावसात, उन्हात. तिच्यावर उभा राहून कित्येकदा पाइपवाल्यांना निरोप दिला. बावीस मीटर पोटात घालून बसली होती आणि एका शब्दाने बोलली नाही. माणसं दगा देतात, ते कळतं. दगडसुद्धा?

मोठ्या साहेबांनी नियोजनप्रमुख पद ज्युनिअरला दिलं. माझ्याकडे ‘देखभाल’. मी विचारलं, कशाची? ते म्हणाले, कळवतो.

ऑफिसात मागच्या दाराने जातो आता.

३१ डिसेंबर

मुदत संपली. पंप अजून खोक्यातच. हिची बॅग कपाटावरून खाली काढलेली दिसली. दिवसभर वाट बघितली की ही आता म्हणेल, येते मी. मनात वाक्यं तयार ठेवली होती. पहिलं स्वाभिमानाचं होतं. दुसरं, जाऊ नकोस.

संध्याकाळी राहवलं नाही. विचारलं, कधी निघतेस? ती म्हणाली, कुठे? बॅग जुने कपडे भरायला काढलीय. मी म्हणालो, फ्लॅट? ती म्हणाली, तो तर मार्चमध्येच नको म्हणून सांगितलं, जागा दिली त्याच दिवशी. पंप बसणार म्हटल्यावर घर कशाला सोडू?

मार्चमध्ये! म्हणजे टाकी व्हायच्या आधी! मी ओरडलोच. इतके महिने सगळ्यांना माहीत होतं आणि मला कोणी सांगितलं नाही? ती म्हणाली, सांगितलं हो. त्या मुलीने शून्य विचारलं, मी झाकण दाखवलं. तुम्ही ऐकता कुठे? पालथ्या घड्यावर पाणी. मग आम्ही दोघींनी ठरवलं, ह्यांची योजना ह्यांना करू दे, आपण शेजारी खोली बांधून ठेवू.

मी विचारलं, म्हणजे माझ्यावर तुझा एवढासुद्धा विश्वास नव्हता? ती चहा ढवळत होती. म्हणाली, असं काय बोलता? तुमच्याबद्दल मला पूर्ण खात्री होती.

बरं वाटलं. रात्री जरा उशिरा बरं वाटेनासं झालं.

७ जानेवारी

जुन्याच डायरीच्या मागच्या पानावर लिहितोय. पाइपवाल्या कंपनीने ह्या वर्षीची डायरी ज्युनिअरला दिली. लेदरची.

पंप बसला. कंट्रोल रूमचा उंबरा जमिनीपासून उंच, पायरी हवी होती. गवंड्याने कोनशिला पालथी घालून पायरी केली. दगड खरंच चांगला जाड आहे. माझं नाव खाली, मातीकडे. ज्युनिअरने पायरीच्या कडेला लाल रंगाने उंची लिहिली, समुद्रसपाटीपासूनची. म्हणाली, ह्यापुढे वरच्या भागाचे सगळे सर्व्हे ह्या पायरीवरून होतील सर. मी म्हणालो, पायरीवर विश्वास ठेवू नकोस.

‘देखभाल’ म्हणजे काय तेही कळलं. ऑपरेटरची पोस्ट मंजूर नाही, म्हणून सकाळ-संध्याकाळ बटण दाबायचं काम सर्वांत जवळ राहणाऱ्या कर्मचाऱ्याकडे.

आज पहिला दिवस. मुद्दाम कोट घातला. पायरीवर उभा राहिलो, बटण दाबलं. पंप घरघरला. बराच वेळ काही नाही. मी छातीवर हात ठेवून उभा. मग वरून हिचा आवाज आला, आलं! आलं! अहाहा, धो धो आलंय!

मला गहिवरून आलं. इतक्या वर्षांत हिला इतकं खुश ऐकलं नव्हतं. सगळं माफ करून टाकलं, पायरीलासुद्धा. अंगणात आलो आणि तोंड वर करून म्हणालो, बघ, तुला शब्द दिला होता ना?

ही गॅलरीत आली. फोन कानाला होता, पलीकडून ज्युनिअरचं हसणं मला खालपर्यंत ऐकू येत होतं. हिने मला हातानेच थांबायची खूण केली आणि फोनमध्ये म्हणाली, नाही गं, कोणी नाही, आमचे पंपवाले आहेत.